धोरण संशोधन संस्थांमधल्या नोकऱ्या आणि फेलोशिप: सोलापूरकरांनी अर्ज करताना

सातरस्ता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी पुण्यात एका धोरण संशोधन संस्थेत काम करते. शिक्षण सगळं सोलापुरातच झालं. आमच्याकडे जागा निघाल्या की आलेले अर्ज वाचण्याचं काम माझ्याकडेही येतं. त्यात सोलापूरचे अर्ज फार थोडे असतात. जे असतात, त्यांत अर्जदाराची सगळ्यात मोठी जमेची बाजू लिहिलेलीच नसते. ते बघून फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

आधी या संस्था काय करतात ते. सरकारची योजना कागदावर काय आहे, पैसा कुठे अडतो, लोकांच्या हातात काय पडतं, कायदा बदलला तर कोणाचं काय होईल, याचा पुराव्यानिशी अभ्यास करायचा आणि तो सरकारसमोर, आयोगांसमोर, लोकांसमोर मांडायचा. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची. बेंगळुरूची आयसेक (सामाजिक आणि आर्थिक बदलांचा अभ्यास करणारी) १९७२ ची, हैदराबादची सेस (आर्थिक आणि सामाजिक अभ्यास केंद्र) १९८० ची. दिल्लीत उपयोजित अर्थशास्त्रावर काम करणारी एनसीएईआर, सरकारी वित्तावर काम करणारी एनआयपीएफपी, आणि सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च. मुंबईत रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. पुण्यात वीज आणि ऊर्जेवर काम करणारी प्रयास, पाण्यावर काम करणारी सोपेकॉम. आणि आपल्यापासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर, तुळजापूरला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल आहे. सोलापुरातल्या किती मुलांनी ते आत जाऊन पाहिलंय?

नकाशा बघा. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू ही तिन्ही शहरं आपल्याकडून रेल्वेने सरळ जोडलेली आहेत. दिल्लीच गाठली पाहिजे असं काही नाही.

जागा साधारण अशा असतात. सर्वात खाली संशोधन सहायक आणि रिसर्च असोसिएट. बीए-बीकॉम-बीएस्सी चालतं, बऱ्याच ठिकाणी एमए मागतात. त्याच्या वर सीनियर असोसिएट. नुसतं ‘फेलो’ असं पद जाहिरातीत दिसलं तर पात्रता नीट वाचा, तिथे बहुधा पीएचडी आणि प्रकाशित लेख लागतात. तरुणांसाठीच्या ठरावीक मुदतीच्या फेलोशिप हा वेगळा प्रकार. शिवाय संवाद, ग्रंथालय, हिशेब, फील्ड मॅनेजर अशाही जागा असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघतच नाही. फेलोशिपच्या जाहिराती वर्षातून एकदा येतात. प्रकल्पाच्या जागा अनुदान मंजूर झालं की कधीही निघतात, आणि अर्जाला दोन-तीन आठवडेच मिळतात. त्यामुळे सीव्ही आणि लेखाचा नमुना आधीच तयार हवा.

आता ती जमेची बाजू. सोलापूरचा मुलगा किंवा मुलगी घरी तेलुगू किंवा कन्नड बोलते, गल्लीत मराठी, पेठेत दखनी हिंदी. यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने, विडी, ऊस, उजनीचं पाणी हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. सीमाभागात सर्वेक्षण करायचं तर अशी माणसं शोधून सापडत नाहीत. आणि ती आपल्या सीव्हीत शेवटच्या ओळीत लिहिते, ‘भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी’. तेलुगू गाळलेली! कारण ती शाळेत शिकलेली नसते. अर्जात ही गोष्ट वर आली पाहिजे, मुलाखत घेता येईल इतकी भाषा येते असं स्पष्ट लिहिलं पाहिजे.

प्रश्न विचारा. मला माहीत असेल ते सांगेन.


जुळेसोलापूर_०४

ताई, खूप उपयोगी धागा. मी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातून एमए अर्थशास्त्र करतेय, दुसरं वर्ष. बारावीपर्यंत मराठी माध्यम. जाहिरात वाचताना ‘उत्कृष्ट इंग्रजी लेखन’ अशी ओळ दिसली की मी ती बंद करते. वाचते छान, पण लिहिताना अडखळते. अशांनी अर्ज करावा का?


सातरस्ता

करावाच. ती ओळ खोटी नाही, अहवाल इंग्रजीतच लिहावे लागतात. पण आम्ही त्या ओळीखाली शोधतो ते विचाराचं सरळपण. वाक्यं लहान असली, शब्द साधे असले तरी चालतं. मुद्दा काय, पुरावा काय, पुरावा कुठे कमी पडतो, हे कळलं पाहिजे. फुगवलेलं इंग्रजी लिहिणारे अर्ज आमच्याकडे ढिगाने येतात.

एक सवय लाव. रोज एका सरकारी निर्णयाचा सारांश इंग्रजीत लिही, दीडशे शब्दांत. महाराष्ट्राचे शासन निर्णय मराठीत असतात. ते वाचून इंग्रजीत मांडता येणं ही आमच्या कामात रोज लागणारी गोष्ट आहे आणि दिल्लीत शिकलेल्या मुलांना ती जमत नाही. ‘उपरोक्त संदर्भाधीन’ने सुरू होणारा पाच पानी जीआर वाचून त्यातली अट कोणती, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, जबाबदारी कोणावर, हे सांगणारी व्यक्ती टीममध्ये असली तर कामाचे आठवडे वाचतात.


होटगीरोड

मी पालक म्हणून विचारतो. मुलगी एमएस्सी स्टॅटिस्टिक्स आहे. ती याच क्षेत्रात जायचं म्हणते. पगार किती, नोकरी कायम का, पेन्शन आहे का, हे कोणी सांगत नाही. आमच्या घरात तिचे दोन्ही काका सरकारी नोकरीत आहेत. त्यांचं म्हणणं एमपीएससी कर.


सातरस्ता

काका, सरळ उत्तर देते. कायम नोकरी फार थोड्यांना मिळते. बहुतेक जागा कंत्राटी असतात, वर्षाचा करार, प्रकल्प वाढला तर मुदतवाढ. पेन्शन नाही. पीएफ असतो का, आरोग्य विमा आहे का, प्रोबेशन किती, हे नेमणूकपत्र येण्याआधी विचारायचं. विचारल्याचा राग कोणतीही चांगली संस्था धरत नाही.

पैसा कुठून येतो तेही विचारावं. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च ही १९७३ सालची नावाजलेली संस्था. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिचा परदेशी देणग्यांचा परवाना निलंबित झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला. बरेच संशोधक बाहेर पडले. काम चांगलं असूनही अशी वेळ येते. म्हणून संस्थेला सरकारी अनुदान आहे, परदेशी देणगी आहे की देशातल्या ट्रस्टचा पैसा आहे, आणि आपली जागा कोणत्या प्रकल्पावर आहे, हे मुलीला माहीत असू द्या.

पण स्टॅटिस्टिक्स असलेली मुलगी दोन-तीन वर्षं इथे काम करून पुढे पीएचडीला, बँकेत, सरकारी सांख्यिकी सेवेत, कुठेही जाऊ शकते. तिचं काम वाया जात नाही. आणि एमपीएससीचा रस्ताही बंद होत नाही, वयोमर्यादा मोकळी आहे तोवर.


कन्नाचौक

सातरस्ता ताई, तुमचं पटतं, पण एक बाजू राहिली. मी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरातला. मी स्वतः सर्व्हेचं काम केलंय. दिल्लीहून टीम येते, आम्हाला टॅबलेट देते, फॉर्ममागे पैसे देते. आम्ही साखर पेठेत, अशोक चौकात, एमआयडीसीत दारोदार फिरतो. बायका आम्हाला ओळखतात म्हणून दार उघडतात. अहवाल छापून येतो तेव्हा मागच्या पानावर ‘सर्वेक्षकांचे आभार’ एवढंच. लिहिणारे वेगळे, फिरणारे वेगळे. सोलापूरने शंभर वर्षं फक्त माहिती द्यायची आणि दुसऱ्यांनी त्यावर विद्वान व्हायचं का?


विडीघरकुल

+१. आमच्या कुंभारीला तर दरवर्षी कोण ना कोण फॉर्म भरायला येतंय. नंतर काय झालं ते कळत नाही.


सातरस्ता

कन्नाचौक, तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते. हा धागा काढण्यामागचं खरं कारणच ते आहे.

सोलापूरवर अभ्यास नवा नाही. गोखले संस्थेने इथल्या विणकर समाजांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. धनंजयराव गाडगीळांच्या नावाने सोलापूर शहराचा मोठा अभ्यास १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आला. गाडगीळ म्हणजे त्या संस्थेचे पहिले संचालक, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले. देशातल्या नागरी सर्वेक्षणाच्या परंपरेत आपल्या शहराचं नाव इतकं आधीपासून आहे. जुनी प्रकाशनं संस्थेच्या ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात वाचायला मिळतात. अर्ज करणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराने ती चाळावीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या माग-घरांबद्दल कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते विचारलेच गेले नाहीत, ते दिसेल.

आता सर्वेक्षकाने पुढे कसं जायचं. मोठी सर्वेक्षणं करणाऱ्या जे-पॅलसारख्या संस्थांत शिडी अशी असते: सर्वेक्षक, सुपरवायझर, फील्ड मॅनेजर, मग असोसिएट. सुपरवायझरपर्यंत पुष्कळ जण पोचतात आणि तिथे अडकतात, कारण डेटाला हात लावायची संधी मिळत नाही. ती मागून घ्यायची. प्रश्नावली बसवण्याच्या चाचणीला बसू द्या म्हणायचं. कोणता प्रश्न लोकांना कळत नाही, तेलुगूत तो कसा विचारावा लागतो, घरी वळलेल्या विड्यांची मजुरी ‘रोज’ विचारली तर उत्तर का चुकतं (ती हजार विड्यांमागे मिळते!), हे टिपून दोन पानांची नोंद टीमप्रमुखाला द्यायची. ती नोंद म्हणजे तुमचं संशोधन लेखन. पुढच्या अर्जाला तीच जोडता येते. आणि सर्व्हेच्या कामाचं प्रमाणपत्र घ्या. त्यात किती घरं, कोणत्या भाषेत, कोणतं सॉफ्टवेअर, हे लिहून मागा.


कन्नाचौक

प्रमाणपत्र मागायचं कधी डोक्यातच आलं नाही. भाषेचं म्हणाल तर मी मुलाखती तेलुगूत घेतल्या आणि फॉर्म हिंदीत भरला. भाषांतर मीच मनातल्या मनात करत होतो, त्याची नोंद कुठेच नाही.


सातरस्ता

मग अर्जात पहिला परिच्छेद हाच लिहा. अगदी याच शब्दांत.


हुतात्मा_एक्स्प्रेस

फेलोशिपबद्दल मी थोडी भर घालतो. मुलांना मार्गदर्शन करतो, त्यामुळे या जाहिराती दरवर्षी वाचाव्या लागतात.

पीआरएस ही संसदेच्या कामकाजावर अभ्यास करणारी संस्था, २००५ पासूनची. त्यांची लॅम्प फेलोशिप आहे. एका खासदारासोबत पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम. कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय पंचविशीच्या आत हवं. प्रश्नांचे मसुदे, विधेयकांवर टिपणं, समितीच्या बैठकांची तयारी हे तिथे शिकता येतं.

मुख्यमंत्री फेलोशिप राज्य सरकारची. २०१५ ला सुरू झाली, मध्ये बंद होती, २०२३ ला पुन्हा आली. वय २१ ते २६, पदवीला प्रथम वर्ग, एक वर्षाचा अनुभव आणि मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं आवश्यक. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती चालवतं. वयाची अट कडक आहे, म्हणून पदवी झाल्याबरोबर एक वर्ष कुठेतरी काम करून ठेवावं.

पीएचडी करायची असेल तर नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. जेआरएफ नसेल तर आयसीएसएसआरची डॉक्टरल फेलोशिप बघावी, सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ पासून असलेली ही केंद्राची परिषद आहे. राज्यात वेगवेगळ्या सामाजिक प्रवर्गांसाठीच्या बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. पद्मशाली मुलांनी लक्षात ठेवा, आपल्या राज्यात तुम्ही विशेष मागास प्रवर्गात येता आणि तो महाज्योतीच्या कक्षेत आहे. जात वैधता आणि नॉन क्रिमीलेयर वेळेत काढून ठेवा. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात धावलात तर तारीख निघून जाते.


शेंगाचटणी

एक सावधगिरी. ‘धोरण संशोधन इंटर्नशिप’ म्हणून मुलांकडून नोंदणी शुल्क घेणारे पुष्कळ निघालेत. विद्यापीठ किंवा सरकारी पदाला अर्ज शुल्क असू शकतं, ते जाहिरातीत छापलेलं असतं. पण खासगी संस्था प्रशिक्षणाचे, सर्टिफिकेटचे पैसे मागत असेल तर लांब राहा. संस्थेचे अहवाल वाचायला मिळतात का, त्यावर लेखकांची नावं आहेत का, विश्वस्त कोण, वार्षिक हिशेब मांडलेत का, एवढं पाहिलं तरी कळतं.


जुळेसोलापूर_०४

ताई, लेखाचा नमुना म्हणजे नक्की काय द्यायचं? माझ्याकडे एमएचा प्रकल्प आहे, ऐंशी पानांचा. तो चालेल का?


सातरस्ता

ऐंशी पानं कोणी वाचणार नाही. त्यातलं एक प्रकरण घे आणि पाच-सहा पानांत नव्याने लिही. पण माझं मत विचारशील तर सोलापूरवर नवं काहीतरी लिही.

ते कसं, हे जरा सविस्तर सांगते, कारण निवड बहुतेक वेळा इथेच ठरते.

विषय मोठा नको. ‘सोलापूरच्या वस्त्रोद्योगाच्या समस्या’ हा विषय नव्हे. ‘यंत्रमागाला मिळणाऱ्या वीज सवलतीत २७ अश्वशक्तीच्या खालचे आणि वरचे असा भेद आहे, त्यामुळे कारखानदार जोडण्या वेगळ्या करतात का?’ हा प्रश्न आहे. याला कागद सापडतात: वस्त्रोद्योग धोरण २०२३-२८, वीज नियामक आयोगाचे दरनिर्णय, त्यांच्या सुनावण्यांत वेगवेगळ्या संस्थांनी दिलेली निवेदनं. आणि माणसंही सापडतात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. उत्तर ‘नाही’ निघालं तरी लेख चांगलाच.

दुसरं, आकड्यांची शिस्त. शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ असं लिहिलंस तर पुढे २०११ ची जनगणना असं लिहायलाच हवं. इतकी जुनी संख्या घेऊन आजचं दरडोई पाणी काढलं तर गणित चुकणार, हे वाचकाला तूच सांग. पुढची जनगणना २०२७ ची आहे. आरोग्य आणि पोषणासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं, २०१९-२१ चं, सोलापूर जिल्ह्याचं तथ्यपत्रक आहे. रोजगारासाठी श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या जुन्या फेऱ्यांतून जिल्ह्याचा आकडा काढू नकोस, त्यांचा नमुना राज्यपातळीसाठी बेतलेला होता. हे एवढं वाक्य तुझ्या लेखात दिसलं तरी अर्ज वाचणाऱ्याला कळतं की मुलीला डेटा समजतो.

तिसरं, बजेट. महापालिकेचं अंदाजपत्रक मिळव. अंदाजित, सुधारित आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी ठेव. अंदाजित आकडा बातमीत येतो, प्रत्यक्ष खर्च कोणी बघत नाही.

सॉफ्टवेअरचं विचारशील म्हणून सांगते, स्टाटा महाग आहे, त्याच्यामागे लागू नकोस. आर फुकट आहे, बहुतेक ठिकाणी चालतं. निवडीत पुष्कळदा एक डेटा फाइल पाठवतात, मुद्दाम घाण केलेली: तीच घरं दोनदा, वय ३१०, गावांची नावं चार प्रकारे. ती साफ करून तक्ता द्यायचा आणि काय काय बदललं ते लिहायचं. त्यात ‘काय बदललं’ याच्या नोंदीला तक्त्याइतकंच महत्त्व असतं.


होटगीरोड

मुलीला हा धागा दाखवला. ती म्हणते हेच तर मी सांगत होते. प्रयासचे विजेवरचे अहवाल आता आम्ही दोघं वाचतोय. वीजबिल इतकी वर्षं भरतो, पण दर ठरवताना सुनावणी होते आणि त्यात सामान्य ग्राहकालाही बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. तिला पुण्यात अर्ज करू दे असं घरात ठरलंय. काकांना मी समजावतो.


विडीघरकुल

ताई, मी बीए झालोय, संगणक येतो. आई विड्या वळते. पीएचडी वगैरे आपल्याला जमणार नाही. आमच्या कुंभारीतल्या रायनगर या कामगार वसाहतीची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ ला दिली, त्याआधी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार. यावर लिहायचं मनात आहे, पण कुठून धरायचं कळत नाही. सगळंच महत्त्वाचं वाटतं.


सातरस्ता

दादा, तुमच्यासारख्यांनी लिहायलाच हवं. कामगारांच्या सहकारी संस्थेने उभी केलेली इतकी मोठी वसाहत देशात क्वचित असेल. सगळं धरू नका. तुमच्या रोजच्या बघण्यातली एक गोष्ट सांगा जी बाहेरून आलेल्या संशोधकाला दिसणार नाही.


विडीघरकुल

पाणी. पाणी यायचा दिवस असला की आईच्या विड्या कमी होतात. भरून ठेवण्यात अर्धा दिवस जातो. शेजारच्या बायकांचंही तेच. मजुरी हजारावर आहे त्यामुळे त्या दिवसाचे पैसे कमी. कोणी विचारलं तर आई सांगते पाणी फुकटच येतंय की.


कन्नाचौक

इतक्या वर्षांत मी एवढ्या घरांत फॉर्म भरले, हा प्रश्न एकाही फॉर्ममध्ये नव्हता.


सातरस्ता

दादा, हा धरण्यासारखा प्रश्न आहे. पाणीपुरवठ्याच्या अनियमितपणामुळे घरबसल्या काम करणाऱ्या बाईची मजुरी किती बुडते.

असं करा. रोजच्या विड्यांची नोंद कार्डावर असते. आईच्या आणि ओळखीच्या पंधरा-वीस घरांच्या कार्डांवरून दोन महिन्यांच्या नोंदी उतरवून घ्या, परवानगी विचारून, नावं न लिहिता. शेजारच्या रकान्यात पाणी आलेला दिवस. पाणी कधी आलं याची वही आजपासून ठेवा, आठवणीवर भरू नका. सणाचे, आजारपणाचे, पान-तंबाखू न मिळाल्याचे दिवस वेगळे खुणावा, नाहीतर दोष सगळा पाण्यावर जाईल. मग पाण्याच्या दिवशीची सरासरी आणि इतर दिवसांची सरासरी. फरक निघाला तर दुसऱ्या दिवशी त्या जास्त वळून भरून काढतात का, तेही बघा. पंधरा-वीस घरांवरून सगळ्या वसाहतीबद्दल बोलता येणार नाही, हे लेखात लिहा.

जुळेसोलापूर_०४, तुला आर शिकायचंय ना? दादांच्या नोंदी तक्त्यात घालायला मदत कर. लेखावर दोघांची नावं येतील. कन्नाचौक, तेलुगू घरांमध्ये विचारायचे प्रश्न तुम्ही तपासून द्या, तुमचंही नाव लेखक म्हणून येईल, आभारात नाही.

मसुदा झाला की इथेच टाका. मी वाचते.


जुळेसोलापूर_०४

मी तयार आहे. विडीघरकुल दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पहिली वीस-पंचवीस दिवसांची नोंद कागदावर असली तरी चालेल, फोटो पाठवा, मी टाइप करते.


विडीघरकुल

काल पाणी आलं होतं. वहीत लिहिलंय. आईचं कार्ड घेतलंय, शेजारच्या घरांत आज संध्याकाळी विचारतो.